नोझल बदलण्याआधी त्याचं घर साफ करा

ट्रॅक्टर काळा धूर मारायला लागला, रोटाव्हेटर लावला की दम टाकायला लागला, सकाळी स्टार्ट होताना कुरकुरायला लागला, की गावातला निकाल ठरलेला असतो: नोझल गेलं. मग नोझल काढायचं, पंपवाल्याकडे न्यायचं, नवं टाकायचं. पैसे गेले तरी चालेल, पण महिन्याभरात पुन्हा तोच धूर आला तर? ज्यांच्या दारात जुना मॅसी १०३५ किंवा त्याच्या पिढीचा दुसरा कोणताही ट्रॅक्टर उभा आहे, त्यांना माझं सांगणं आहे की नोझलला दोष देण्याआधी ते ज्या घरात बसतं ते बघा. बिघाड बऱ्याचदा तिथे असतो आणि तो दूर करायला नव्या नोझलच्या मानाने अगदी किरकोळ खर्च येतो.

हेडमध्ये नोझलसाठी खोल भोक असतं. त्याच्या तळाला सपाट बैठक, बैठकीवर तांब्याचा वायसर, वायसरवर नोझल. वरच्या तोंडाशी बहुतेक इंजिनांत धूळ-पाणी अडवणारं रबरी सील असतं. तांब्याचा वायसर दोन कामं करतो. सिलिंडरमधला दाब वर येऊ देत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. दुसरं काम फारसं कुणी सांगत नाही: नोझलच्या टोकाची उष्णता तो हेडमध्ये उतरवतो आणि तिथून ती पाण्यात जाते. वायसर नीट टेकला नाही, तर गरम गॅस नोझलच्या अंगावरून वर सरकतो, काजळी धरते, टोक तापतं, आतली सुई अडकायला लागते. मग फवारा पडायच्या जागी डिझेल ठिबकतं. अशा घरात नवं नोझल टाकलं, तर तेही त्याच वाटेने जाणार.

हे ओळखायला मशीन लागत नाही. नोझलभोवती डांबरासारखा काळा, चिकट थर दिसला की गॅस निसटतोय समजा. थंड इंजिन चालू करून नोझलच्या बुडाशी थोडं साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे आले, तर शंकाच नको. कान लावणाऱ्याला फुस-फुस आवाजही येतो, पण कान लावताना फॅनच्या पट्ट्यापासून दूर राहा.

आणखी एक गोष्ट आपण हौसेने बिघडवतो. दसऱ्याला ट्रॅक्टर चकचकीत हवा म्हणून सर्व्हिसिंगवाला जोराच्या पाण्याचा फवारा थेट इंजिनवर मारतो. वरचं सील फाटलेलं असेल, तर ते पाणी नोझलच्या घरात उतरतं आणि तिथेच राहतं. नोझल गंजून असं धरतं, की पुढे काढताना हेडचं नुकसान होतं. ट्रॅक्टर जरूर धुवा, पण नोझलवर फवारा नको.

आता काढण्याविषयी. आधी बाहेरची माती, तेल, भुसा ब्रशने साफ करून हवा मारा, मगच पाईपला पाना लावा. पाईप सुटल्याबरोबर दोन्ही तोंडं स्वच्छ प्लॅस्टिकने बांधा, कारण पंप आणि नोझल यांच्यामध्ये गाळणी नसते; पाईपात गेलेला कण सरळ नोझलमध्येच जातो. कोणतं नोझल कोणत्या सिलिंडरचं, याची खूण करा. नोझल धरून बसलं असेल, तर गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर थांबा आणि दुसऱ्या दिवशी अंग थोडं थोडं डावं-उजवं हलवा. पहार घालून उचकटू नका. तिथे घाईने फक्त हेडचं काम वाढतं. तरीही निघालं नाही, तर ओढून काढायचं हत्यार ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे ट्रॅक्टर न्या.

नोझल बाहेर आलं की पहिला प्रश्न: वायसर कुठे आहे? नोझलला चिकटून आला नसेल, तर तो आत तळाला आहे. बॅटरीच्या उजेडात बघा आणि वाकवलेल्या तारेने काढा. जुना आत राहू देऊन वर नवा टाकला, की नोझल तेवढं उचललं जातं, फवारा पिस्टनच्या वाटीत जिथे पडायला हवा तिथे पडत नाही, धूर वाढतो, ताकद घटते. आणि दोष मात्र नव्या नोझलच्या कंपनीला!

साफसफाईत धीर हवा. खरवडलेली काजळी सिलिंडरमध्ये पडता कामा नये. कडक खडा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकला, तर कॉम्प्रेशन गेलंच. म्हणून तळाच्या बारीक भोकात ग्रीस लावलेली चिंधी घट्ट बसवा आणि तिला दोरा बांधून तो बाहेर ठेवा, म्हणजे ती आत विसरली जाणार नाही. भिंती पितळी ब्रशने घासा. बैठकीसाठी लाकडाची काडी आणि डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं पुरतं. छिन्नी, पॉलिशपेपर, ड्रिल यांचं तिथे काही काम नाही, कारण बैठकीवर पडलेला ओरखडा म्हणजे गॅसला करून दिलेली वाट. काही इंजिनांत या भोकाला तांब्या-पितळेची पातळ नळी असते आणि तिच्यापलीकडे पाणी खेळतं. ती फाटली तर पाणी सिलिंडरमध्ये उतरेल. बैठकच खड्डे पडून खराब झाली असेल, तर कटरने ती सारखी करण्याचं काम वर्कशॉपवाल्याचं.

घासून झालं की काजळी व्हॅक्यूमने ओढून घ्या, चिंधी काढा, स्टॉपची दांडी ओढून धरा आणि स्टार्टर थोडासा मारा. उरलेला कचरा भोकातून जोरात बाहेर उडतो, तेव्हा तोंड वर नेऊ नका. भोकावर फडकंही टाकू नका. पिस्टन खाली जाताना ते आत ओढलं जातं.

वायसर दर वेळी नवाच टाका. जुना दाबून कडक झालेला असतो. वेळेला नवा मिळालाच नाही, तर जुना लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात टाकला की तांबं पुन्हा मऊ होतं. पण तो वाकलेला, ओरखडलेला नसावा आणि वरची काळी पापडी काढलेली असावी. जाडी मात्र पुस्तकात सांगितलेलीच हवी. दोन वायसर एकावर एक नकोत. सिलिकॉन, एम-सील, टेप यांपैकी काहीही बैठकीवर लावू नका, ते तिथल्या आचेपुढे टिकत नाही. वरचं सील आणि रिटर्न पाईपच्या बोल्टचे बारीक वायसर त्याच वेळी बदलून टाका.

बसवताना पाईपचे नट आधी हाताने दोन-तीन आटे धरा, मग नोझलचे दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. पुस्तकातला टॉर्क कमी वाटतो, म्हणून पान्याला पाईप घालून जोर करणारे भेटतात. त्याने फ्लँज वाकते आणि नोझलचं अंग दाबलं जाऊन सुई अडकते. एअर काढा, ट्रॅक्टर गरम होऊ द्या, आणि पुन्हा थंड झाल्यावर नट एकदा तपासा.

एक गोष्ट मात्र जिवाशी खेळ आहे. काढलेलं नोझल पाईपला जोडून, स्टार्टर मारून फवारा बघायची पद्धत अजून चालते. त्या फवाऱ्यापुढे हात आला, तर डिझेल कातडीतून आत शिरतं. वरून नुसता टोचल्याएवढा डाग दिसतो, आत मांस सडायला लागतं. असं झालं तर हळद लावून घरी बसू नका. तासाभराचाही उशीर न करता शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना गाठा. फवारा तपासायचाच असेल, तर पंपवाल्याकडे त्यासाठी वेगळं यंत्र असतं.

हे सगळं स्वतः करायलाच हवं असं नाही. मिस्त्रीला द्या, पण काम झाल्यावर जुने वायसर मागून घ्या आणि मोजा. तीन सिलिंडरच्या इंजिनातून तीन जुने वायसर निघायला हवेत. दोनच हातात आले, तर ट्रॅक्टर घरी नेऊ नका. नोझल पुन्हा काढायला सांगा.