शुद्धलेखनाची खतावणी

मुलाच्या इंग्रजी वहीत एखाद्या शब्दाचे स्पेलिंग चुकले, तर आपल्या घरांत लगेच चौकशी सुरू होते. शिक्षिकेला विचारणा होते, शिकवणीचे तास वाढतात. त्याच मुलाच्या मराठी वहीत एका परिच्छेदात पाच चुका निघाल्या, तर मात्र ‘बोलता येते ना, मग झाले’ एवढ्यावर विषय मिटतो. परंतु बोलता येणे निराळे आणि लिहिता-वाचता येणे निराळे. दुकानाचा भाडेकरार, नगरपालिकेची नोटीस, सातबाराचा उतारा हे कागद आपल्या हाती बहुधा मराठीतच येतात. उद्या गादीवर बसणाऱ्या मुलाला असा कागद दुसऱ्याकडून वाचून घेऊन मग त्यावर सही करावी लागणार असेल, तर त्याच्या पदवीचा त्या क्षणी काय उपयोग?

महाराष्ट्र शासनाने २०२० साली कायदा करून सर्व माध्यमांच्या आणि सर्व मंडळांच्या शाळांत मराठी हा विषय सक्तीचा केला. त्यामुळे मुलांना मराठीची तासिका मिळाली. सवय मात्र कायद्याने लागत नाही, ती घरातच लावावी लागते. आणि त्यासाठी चौथी ते सातवी हा काळ सर्वांत महत्त्वाचा आहे.

याचे कारण असे. पहिल्या तीन इयत्तांत मूल वाचायला शिकते. चौथीपासून ते वाचून शिकू लागते. इतिहास, भूगोल, विज्ञान, एवढेच नव्हे तर गणितातील शाब्दिक उदाहरणेही त्याला वाचूनच समजून घ्यावी लागतात. जीन चॉल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विदुषीने वाचनाच्या टप्प्यांची मांडणी करताना नेमके हेच वळण दाखवून दिले होते. या वळणावर जे मूल अडखळते, ते पुढे सर्वच विषयांत मागे पडते आणि आपण समजतो की त्याचे गणित कच्चे आहे. आपल्याकडे ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी करीत आली आहे. ग्रामीण भारतातील पाचवीच्या साधारण निम्म्याच मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचता येतो, असे तिच्या अलीकडच्या अहवालांत दिसते. आपली मुले चांगल्या शाळांत जातात हे खरे. पण आपले मूल या निम्म्यांत कोणत्या बाजूला आहे, हे आपण घरी कधी तपासले आहे काय?

शुद्धलेखन म्हटले की पुष्कळांना धडकी भरते. मराठी साहित्य महामंडळाने केलेले चौदा नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. अठरा नियम एकदम पाठ करायला लावले, तर कोणतेही मूल कंटाळेल. पण त्यांतील सर्वाधिक उपयोगाचे नियम आपल्या दुकानातल्या शब्दांवरूनच शिकविता येतात.

‘वसूल’, ‘मंजूर’, ‘मजूर’, ‘वकील’, ‘गरीब’ हे शब्द घ्या. शेवटचे अक्षर अकारान्त आहे, म्हणून त्याच्या आधीचा इकार किंवा उकार दीर्घ. आता त्यांचीच दुसरी रूपे पाहा : ‘वसुली’, ‘मंजुरी’, ‘मजुरी’, ‘वकिली’, ‘गरिबी’. शेवटचे अक्षर दीर्घ झाले, तसा आधीचा इकार-उकार ऱ्हस्व झाला. ‘जमीन’ पण ‘जमिनीवर’, ‘मूल’ पण ‘मुलाला’, ‘वीज’ पण ‘विजेचे’. आणखी एक गंमत मुलांना दाखवावी. ‘बेरीज’ची होते ‘बेरजेत’, ‘तारीख’ची ‘तारखेला’, ‘कापूस’चे ‘कापसाला’. येथे तो इकार-उकार नाहीसाच होतो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र आपले रूप सोडत नाहीत, म्हणून ‘परीक्षा’ची ‘परीक्षेला’ आणि ‘शरीर’चे ‘शरीराला’. एवढे ध्यानात आले की ऱ्हस्व-दीर्घाच्या पुष्कळ चुका आपोआप कमी होतात.

दुसरे प्रकरण अनुस्वाराचे. बँकेतील माझ्या नोकरीत मला या एका टिंबाचे मोल नेहमीच जाणवत असे. ‘ही ठेव मुलाच्या नावे ठेवावी’ आणि ‘ही ठेव मुलांच्या नावे ठेवावी’ या दोन वाक्यांत फरक केवळ एका बिंदूचा आहे. पण पहिल्या वाक्यात वारस एक आहे आणि दुसऱ्यात अनेक. ‘ग्राहकाचे पैसे’ आणि ‘ग्राहकांचे पैसे’ यांतही तोच फरक. मुलाला ‘अनुस्वार द्यायचा असतो’ असे नुसते सांगू नये; ही दोन वाक्ये त्याच्यापुढे ठेवावीत आणि अर्थ त्यालाच सांगू द्यावा.

तिसरे, अक्षरी संख्या. इंग्रजी माध्यमातल्या कित्येक मुलांना ‘एकोणसाठ’ म्हणजे ५९ की ६९, असा प्रश्न पडतो. ‘एकोण’ म्हणजे एकाने उणे, हे एकदा समजले की ५९, ६९, ७९ यांचा गोंधळ उरत नाही. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमधील कलम १८ नुसार धनादेशावरील आकडा आणि अक्षरी रक्कम यांत तफावत असेल, तर अक्षरी रक्कम प्रमाण मानली जाते. प्रत्यक्षात असा धनादेश बँक बहुधा परतच पाठविते. म्हणजे अक्षरांत बरोबर लिहिणे हा व्यवहाराचाच भाग आहे. आठवड्यातून एकदा मुलाकडून दहा रकमा अक्षरांत लिहवून घ्याव्यात.

आपल्या घरांची आणखी एक अडचण आहे. कुणाच्या घरी मारवाडी, कुणाच्या घरी गुजराती, कुणाच्या घरी कच्छी बोलतात. दूरदर्शनवर हिंदी आणि शाळेत इंग्रजी. ‘दुकान’ हा शब्द हिंदीत आणि गुजरातीत स्त्रीलिंगी, मराठीत नपुंसकलिंगी. म्हणून मूल ‘माझी दुकान’ लिहिते. हिंदीची आणि मराठीची लिपी एकच असल्याने दुसरा गोंधळ होतो. हिंदीत ‘शक्ति’, ‘बुद्धि’, ‘कवि’ ऱ्हस्व, तर मराठीत ‘शक्ती’, ‘बुद्धी’, ‘कवी’ दीर्घ. दोन्ही आपापल्या भाषेत शुद्धच आहेत. मात्र मराठीतही असा शब्द समासात आधी आला की तो ऱ्हस्वच राहतो : ‘शांती’ पण ‘शांतिलाल’, ‘कीर्ती’ पण ‘कीर्तिमान’, ‘बुद्धी’ पण ‘बुद्धिबळ’. मुलाला आजोबांच्या नावावरून हा नियम सांगितला, तर तो विसरणार नाही. घरची बोली ही चूक नव्हे, हेही त्याला सांगावे. बोलताना त्याला मध्येच अडवून सुधारू नये. सुधारणा वहीवर करावी.

आता पद्धतीविषयी. दुकान बंद करून घरी येईपर्यंत रात्रीचे नऊ-साडेनऊ होतात, मग मुलाला वेळ केव्हा द्यावा, ही अडचण खरी आहे. परंतु या कामाला दिवसाकाठी पंधरा-वीस मिनिटे पुरतात आणि घरात आजी-आजोबा असतील, तर त्यांच्याइतका उत्तम शिक्षक नाही.

पहिली दहा मिनिटे मोठ्याने वाचन. पाठ्यपुस्तकाबाहेरचे काही तरी वाचावे. बालभारती १९७१ पासून मुलांसाठी ‘किशोर’ हे मासिक काढते, भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेच्या कथा आजही मुलांना धरून ठेवतात. वाचून झाल्यावर पुस्तक मिटवावे आणि मुलाला तीनच वाक्यांत गोष्ट सांगायला लावावी. ‘पुढे काय झाले?’ यापेक्षा ‘तो असे का वागला?’ हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो. अडलेल्या शब्दाचा अर्थ आधी मागच्या-पुढच्या वाक्यांवरून ओळखू द्यावा, मग शब्दकोश उघडावा.

पुढची काही मिनिटे श्रुतलेखन. वाचलेल्याच पानावरील पाच ओळी सांगाव्यात आणि मुलाने त्या पुस्तकाशी स्वतः ताडून पाहाव्यात. लाल शाई आपण हाती घेऊ नये. स्वतःची चूक स्वतः शोधणाऱ्याला ती दुसऱ्याने दाखविलेल्या चुकीपेक्षा अधिक लक्षात राहते.

यानंतरची पायरी व्यापारी घरांना सांगायची गरजच पडू नये. रोजकीर्दीतल्या नोंदी आपण खतावणीत ज्या त्या खात्यावर चढवितो. तसेच येथे करावे. एका वहीत पाच खाती उघडावीत : ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, जोडाक्षर, लिंग-वचन आणि विरामचिन्हे. रोजच्या चुका ज्या त्या खात्यावर चढवाव्यात. परंतु चुकलेले रूप न लिहिता केवळ शुद्ध रूपच लिहावे, कारण डोळ्यांना जे दिसते तेच हाताला आठवते. रविवारी प्रत्येक खात्याची बेरीज करावी. ज्या खात्यावर सर्वाधिक बाकी, त्याचाच सराव पुढच्या आठवड्यात. ‘तुझे मराठी कच्चे आहे’ या वाक्याने मूल खचते; ‘या आठवड्यात अनुस्वाराच्या सात चुका होत्या, गेल्या आठवड्यात अकरा होत्या’ या वाक्याने त्याला आपली प्रगती दिसते. मोघम तक्रारीपेक्षा हिशेब नेहमीच दयाळू असतो.

महिन्यातून एकदा खरे लेखनही करवून घ्यावे. मामाला पत्र, दुकान सणानिमित्त बंद राहणार असल्याची सूचना, माल उशिरा आल्याबद्दल पुरवठादाराला विनंती. असे काहीही चालेल. जे लेखन कुणी तरी वाचणार आहे, ते मूल काळजीपूर्वक लिहिते. ती सूचना शुद्ध करून खरोखरच दुकानाच्या दारावर लावावी.

वाचकहो, या महिन्यात एवढेच करावे. पंधरा रुपयांची वही आणावी, तीत पाच खाती उघडावीत आणि चार रविवार बाकी काढून पाहावी. पहिल्या रविवारचा आकडा मोठा असेल, त्याने घाबरून जाऊ नये. ज्याचा हिशेब लिहिला जातो, ते देणे फिटते. न लिहिलेले तेवढे वाढत जाते, हे आपल्या व्यवसायाला अन्य कुणी शिकवायला नको.