सोन्याचीही ग्रेड विचारा

भोसरीच्या एमआयडीसीत पोलादाची सळई आली, तर ती ईएन-८ आहे की ईएन-२४ हे विचारल्याशिवाय लेथवर चढवत नाहीत. पुरवठादार कितीही जुना असला तरी टेस्ट सर्टिफिकेट मागतात आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही. हीच शिस्त सराफाच्या दुकानातही पाळायला हवी, कारण दागिन्याचे सोनेही मिश्रधातूच असते. शुद्ध सोने मऊ. त्याच्या पाटल्या रोजच्या वापरात वाकतील, म्हणून त्यात तांबे, चांदी मिसळतात. तेव्हा मिश्रण ही फसवणूक नव्हे, प्रमाण लपवणे ही फसवणूक. २२ कॅरेटवर ९१६ असते, म्हणजे दहा ग्रॅममध्ये ९.१६ ग्रॅम सोने. १८ कॅरेटवर ७५०. ९२५च्या चांदीत हजारात ९२५ भाग चांदी, उरलेले बहुधा तांबे. जर्मन सिल्व्हर मात्र तांबे, जस्त आणि निकेलचे, त्यात चांदी मुळीच नाही. ‘आमचा सराफ पिढीजात आहे’ असे कुणी म्हणेल, आणि तो विश्वास खोटा नाही. पण कसोटीवरची रेघ पाहून सांगितलेला कस हा, जाणत्या नजरेचा असला तरी, अंदाजच असतो, शिवाय सराफही पुष्कळदा माल दुसऱ्या कारागिराकडून घेतो. सोन्याचे टेस्ट सर्टिफिकेट म्हणजे हॉलमार्क, आणि हॉलमार्कच्या सोन्यावर १ एप्रिल २०२३पासून अंक-अक्षरांचा सहा वर्णांचा ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, सक्तीचा आहे. पाटल्यांचे पैसे देण्याआधी, दुकानातच, तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकून पाहा.