जाळाल, तर गाठ आमच्याशी आहे

ठाणे, मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण. खाडीकाठी भंगार जाळणाऱ्यांना आणि त्याकडे काणाडोळा करणाऱ्यांना आम्हा रहिवाशांचा हा जाहीर इशारा.

वायरीतलं तांबं सुटावं म्हणून जाळ लावता, जुन्या टीव्हीची कव्हरं खाडीत ढकलता. ती कव्हरं पेटू नयेत म्हणून त्यांत ब्रोमीनयुक्त अग्निरोधक रसायनं घातलेली असतात, कधी वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त. अनेकदा ती प्लॅस्टिकशी जोडलेली नसतात, नुसती मिसळलेली असतात. म्हणूनच झिजून धुळीत आणि गाळात उतरतात.

पडून पडून आपोआप नाहीसं होईल, असं कुणी सांगू नये. याच अग्निरोधकांपैकी डेकाबीडीई या रसायनाच्या रेणूत ब्रोमीनचे दहा अणू असतात. उन्हात आणि गाळातल्या जिवाणूंमुळे ते एकेक करून गळतात. मागे उरणारे लहान रेणू जास्त घातक! चरबीत सहज मुरतात, निवटी-चिंबोरीतून ताटात येतात, आईच्या दुधात उतरतात, थायरॉइडचं काम बिघडवतात. अशाच लहान रेणूंना स्टॉकहोम कराराने 2009 साली बंदीच्या यादीत घातलं, भारतानेही 2018 च्या नियमांनी ते बंद केले. कारखान्यात जे बनवायला मनाई, ते आपल्या उकिरड्यावर ऊन बनवतंय. आणि उघड्यावर जाळलं, तर ब्रोमीनयुक्त डायऑक्सिन आणि फ्युरान थेट श्वासात. आधारवाडीच्या डंपिंगला लागलेल्या आगींचा धूर कल्याणकरांनी वर्षानुवर्षं गिळला आहे. आता एकही जाळ सहन होणार नाही.

आजपासून 60 दिवसांची मुदत.

गोदामवाल्यांनो, वायर मशीनवर सोला, कव्हरं नोंदणीकृत ई-कचरा रीसायकलरकडेच द्या. पोट तुमचंही आहे, मान्य. पण त्या धुरात सर्वांत आधी तुमचीच पोरं उभी असतात. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांनी रात्रीची गस्त लावावी आणि हरित लवादाने 22 डिसेंबर 2016 रोजी ठरवलेला दंड वसूल करावा: साध्या जाळपोळीला 5,000, मोठ्या प्रमाणावरच्या जाळपोळीला 25,000 रुपये. प्रदूषण नियंत्रण मंडळाने खाडीतला गाळ आणि मासळी या रसायनांसाठी तपासून आकडे लोकांसमोर ठेवावेत.

हे झालं नाही, तर 61व्या दिवशी हरित लवादाच्या पुण्याच्या खंडपीठाकडे आमचा अर्ज जाईल. जाळाची जागा, तारीख, वेळ आणि फोटो यांची नोंद आज रात्रीपासून सुरू होत आहे.