गोगलगाईचे विष आणि वेदनेचे अर्थकारण

तीव्र वेदनेवरील औषध म्हटले की आपला विचार अफूपाशी येऊन थांबतो. फिलिपीन्सच्या समुद्रातील एका शंकूच्या आकाराच्या गोगलगाईने निराळी वाट दाखविली. बाल्डोमेरो ऑलिव्हेरा या शास्त्रज्ञांनी १९७० च्या सुमारास मनिला येथे तिच्या कुळातील गोगलगाईंचे विष अभ्यासास घेतले, तेही उपकरणे नव्हती आणि गोगलगाई सहज मिळत म्हणून! पुढे अमेरिकेतील युटा विद्यापीठात त्यांच्या प्रयोगशाळेस २५ अमिनो आम्लांचे एक पेप्टाइड गवसले. मज्जारज्जूत वेदनेचा संदेश पुढे नेणारे कॅल्शियमचे मार्ग ते रोखते. अफूजन्य औषधांसारखी त्याची सवय जडत नाही. ‘झिकोनोटाइड’ या नावाने त्यास अमेरिकेत २००४ साली मान्यता मिळाली.

मात्र ते गोळीच्या रूपाने घेता येत नाही. पंपाद्वारे मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडावे लागते. म्हणजे औषधाच्या किमतीत शस्त्रक्रिया, पंप आणि तज्ज्ञांची देखरेख मिळवावयाची. गरीब देशांतील कर्करोग्याने हा हिशेब करूच नये.

प्रारंभीच्या कुतूहलाचा खर्च सार्वजनिक निधीने सोसला. मक्तेदारीचा लाभ पेटंटधारकांकडे गेला. १९९२ च्या जैवविविधता कराराने मूळ देशाचा वाटा तत्त्वतः मान्य केला खरा. परंतु हे पेप्टाइड त्यापूर्वीच परदेशी प्रयोगशाळेत पोहोचले होते. शिवाय रचना एकदा उमगल्यावर ते कृत्रिम रीतीने बनविता येते, गोगलगाय लागतच नाही. मग वाटा मागावयाचा तो कोणत्या मालावर?