जय कुणाच्या खाती?

काम दहा जणांनी करायचं आणि पावती एकाच्या नावानं फाडायची, ही आपली जुनी वहिवाट आहे. लग्नात जेवण चांगलं झालं की केटररचं नाव होतं. मठ्ठा आंबट निघाला की मुलीच्या बापाचं. सोसायटीत पाणी वेळेवर आलं तर महापालिकेची कृपा, नाही आलं तर सेक्रेटरी नालायक. मुलगा पास झाला तर "आमच्या घराण्यातच बुद्धी आहे", नापास झाला तर "मामावर गेला". आता त्या पेपराशी मामाचा काय संबंध? पण नाव पडायचं ते पडतंच.

मी कॉमर्सचा पदवीधर आणि पोटापाण्यासाठी बँकेत कारकून. त्यामुळे एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात पडलेली दिसली, की माझा डावा डोळा लवायला लागतो. आणि माझं स्पष्ट मत असं आहे, की अशा चुकीच्या नोंदी सगळ्यांत जास्त कुठे होत असतील, तर त्या बँकेत नव्हे, खेळाच्या मैदानावर. जिंकतो संघ, हरतो संघ, आणि नोंद होते एका माणसाच्या नावावर. माझं भांडण त्या नोंदीशी आहे.

आपण हा प्रकार निदान तोंडी करतो. अमेरिकन माणसानं त्याचा छापील रकाना केला. त्यांच्या बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. आपल्या बोलरचा हा लांबचा चुलतभाऊ. सामना संपला की जिंकलेल्या संघातल्या एका पिचरच्या नावावर 'विजय' लिहायचा आणि हरलेल्या संघातल्या एकाच्या नावावर 'पराभव'. मैदानात संघाचे नऊ जण असतात. बाकीचे आठ जण पळून-पळून, झेल घेऊन घरी जातात, त्यांच्यासाठी हा रकानाच नाही. त्यातही गंमत अशी, की जिंकायला धावा लागतात आणि २०२२ पासून तर तिथला पिचर बहुधा बॅट हातात धरतच नाही. त्याच्याऐवजी दुसराच माणूस मारायला येतो. म्हणजे धावा करणार दुसरे, आणि त्या झाल्या नाहीत म्हणून हरणार हा! कर्ज शेजाऱ्याचं आणि घरावर जप्ती जामीनदाराच्या, त्यातला प्रकार.

या रकान्यात सगळ्यांत जास्त विजय साय यंग नावाच्या पिचरचे आहेत, ५११. सर्वोत्तम पिचरला दर वर्षी जे बक्षीस देतात, ते त्याच्याच नावाचं. आणि सगळ्यांत जास्त पराभव कुणाच्या नावावर? त्याच साय यंगच्या! आता बोला. जो जास्त वर्षं दुकान उघडं ठेवतो, त्याची विक्रीही जास्त आणि उधारीही जास्त, एवढाच याचा अर्थ.

काही शहाण्या माणसांनी यावर तोड काढली. ती आमच्या कॉमर्सवाल्यांना पटण्यासारखी आहे, कारण ती नुसती वजाबाकी आहे. पिचरचे आकडे संघाच्या आकड्यांतून वजा करायचे आणि उरलेल्यांशी त्याची तुलना करायची. १९७२ साली स्टीव्ह कार्ल्टन फिलाडेल्फियाच्या संघाकडून खेळला. त्या संघानं अख्ख्या मोसमात ५९ सामने जिंकले आणि ९७ हरले. कार्ल्टनच्या नावावर २७ विजय आणि १० पराभव. करा वजाबाकी. बाकीच्यांचे विजय ३२, पराभव ८७. म्हणजे कार्ल्टन शेकडा ७३ सामने जिंकत होता आणि त्याच कपड्यांतले, त्याच मैदानावरचे, त्याच फलंदाजांच्या जिवावरचे इतर पिचर शेकडा २७. इथे वजाबाकी खरं बोलली.

पण वजाबाकीवरही फार विसंबू नये. १९८७ साली ह्यूस्टनच्या नोलन रायनच्या नावावर ८ विजय आणि १६ पराभव लागले. संघाचे ७६ आणि ८६. रायनला वजा केलं तर बाकीचे ६८ आणि ७०, म्हणजे जवळजवळ बरोबरीत, आणि रायन शेकडा ३३! वजाबाकी म्हणते, हा गृहस्थ संघाला बुडवतोय. प्रत्यक्षात त्या वर्षी त्यांच्या नॅशनल लीगमध्ये सरासरीनं सगळ्यांत कमी धावा देणारा पिचर हाच होता, नऊ डावांमागे २.७६. मग भानगड काय? तर वजाबाकी असं धरून चालते, की फलंदाज सगळ्या पिचरांसाठी सारख्याच धावा काढतात. रायन फेकायला उभा राहिला, की त्यांचे हात आखडायचे. आमच्याकडे नाही का, एका काउंटरवर बसलं की नेमका तेव्हाच प्रिंटर बंद पडतो!

सांगायचा मुद्दा, अमेरिकेला उशिरा का होईना अक्कल आली. २०१० साली १३ विजय आणि १२ पराभववाल्या फेलिक्स हर्नांडेझला साय यंगचं बक्षीस दिलं. २०१८ साली जेकब डीग्रॉमला दिलं, त्याचे विजय होते १० आणि पराभव ९. पण नऊ डावांमागे त्यानं दिलेल्या धावा अवघ्या १.७०. बक्षीस देणाऱ्यांनी विचारलं, या माणसाच्या हातात काय होतं आणि त्याचं त्यानं काय केलं? बास, एवढंच विचारायचं असतं.

आपल्याकडे क्रिकेटमध्ये हा रकाना नाही. नाही म्हणजे छापील नाही. डोक्यात आहे, आणि डोक्यातला रकाना खोडरबरानं जात नाही. "चांगला बोलर होता हो, पण मॅच कुठे जिंकून दिली?" हे वाक्य आपण कितीदा ऐकलंय?

आपल्या मुंबईच्या सुभाष गुप्त्यांचं उदाहरण घ्या. १९५८ च्या डिसेंबरात कानपूरला वेस्ट इंडिजचा संघ त्यांनी २२२ धावांत गुंडाळला. १०२ धावांत ९ बळी एकट्या गुप्त्यांचे; दहावा तेवढा वसंत रांजण्यांनी घेतला. कसोटीत एका डावात नऊ बळी म्हणजे काही गंमत नाही. मग आपले फलंदाज आले आणि पाहुण्यांचा मान राखून त्यांनीही बरोब्बर २२२ च धावा केल्या, एक जास्त नाही की एक कमी नाही. दुसऱ्या डावात सोबर्सनं १९८ ठोकल्या, त्यांनी ७ बाद ४४३ वर डाव सोडला, आपण २४० त आटोपलो आणि २०३ धावांनी हरलो. ज्या मालिकेत पाच कसोट्यांना आपले चार कप्तान झाले, त्या मालिकेत लेगस्पिनरनं आणखी काय करायचं होतं? पाचवा कप्तान व्हायचं?

त्याहून ताजा दाखला माझ्या रोजच्या वाटेवरचा आहे. बोरिवलीहून अंधेरीला स्लो गाडीनं जाताना मध्ये जोगेश्वरी लागतं. एजाझ पटेल मूळचा तिथला. आठ वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला गेला आणि २०२१ च्या डिसेंबरात त्या देशाच्या टोपीत वानखेडेवर परत आला. येताना त्यानं माहेरवाशिणीसारखी ओटी भरून घेतली: ११९ धावांत १० बळी, सगळेच्या सगळे! कसोटीच्या इतिहासात हे त्याआधी दोघांनाच जमलं होतं, १९५६ साली जिम लेकरला आणि १९९९ साली अनिल कुंबळेला. ते दोघंही जिंकले. एजाझचा संघ पहिल्या डावात ६२ धावांत घरी गेला. दुसऱ्या डावात त्यानं आणखी चार बळी घेतले, एकूण १४, आणि न्यूझीलंड ३७२ धावांनी हरलं. पुढे महिना संपायच्या आत बांगलादेशविरुद्धच्या घरच्या मालिकेसाठी त्यांचा संघ जाहीर झाला, त्यात एजाझ नव्हता. तिथल्या खेळपट्ट्यांवर फिरकीचं काम नाही, हे खरं; पण दहा बळींनंतर निदान महिनाभर तरी चहापाणी विचारावं की नाही?

आता तेच वानखेडे, तोच एजाझ, साल २०२४, महिना नोव्हेंबर. या वेळी त्याला बळी मिळाले ११, म्हणजे मागल्यापेक्षा तीन कमी. आपल्याला जिंकायला १४७ हव्या होत्या. आपण १२१ त आटोपलो आणि २५ धावांनी हरलो. या वेळी सामन्याचा मानकरी एजाझ. २०२१ ला तो मान मयांक अगरवालला गेला होता. मग मला सांगा, १४ बळी घेणारा एजाझ हरणारा आणि ११ बळी घेणारा एजाझ जिंकून देणारा, हे दोन वेगळे एजाझ होते काय? मनगट तेच होतं. फरक एवढाच, की पहिल्या खेपेला त्याच्या मागे ६२ धावा होत्या आणि दुसऱ्या खेपेला २३५.

हे सगळं मी आमच्या डब्यात मांडलं, तेव्हा कांदिवलीला चढणारे एक काका म्हणाले, "ते आकडे तुमच्या बँकेत ठेवा हो. शेवटी मॅच जिंकली का, ते सांगा!"

"काका, मॅच संघानं जिंकायची असते," मी म्हटलं.

"मग तुमचे ते बळी तरी एकट्याचे कसे? झेल पकडणारा कोणीतरी असतोच की."

काका बोलले ते खोटं नाही. झेल सुटला तर बोलर काय करणार? खेळपट्टी, अंपायर, वाऱ्याची दिशा, सगळ्यांचं पाणी त्यात मिसळलेलं असतंच. पण आपण उपनगरातली माणसं. पाणी नसलेलं दूध आपण मागतच नाही. कोणाच्या दुधात कमी पाणी आहे, एवढंच बघतो. बळी आणि धावा या दुधात पाणी आहे. विजय-पराजयाच्या रकान्यात पाण्यात दूध आहे. दोन्हींना पाणी आहे म्हणून दोन्हींचा भाव सारखा लावायचा, हा कुठला न्याय? संघाचा विजय खोटा असं मी म्हणत नाही. तो संघाच्या खात्यात जमा करा, मी पेढे घेऊन येतो. एकट्याच्या पासबुकात उतरवू नका.

आणि ही सवय बोलरपाशी थांबत नाही. अजित वाडेकरांनी सोळा कसोट्यांत कप्तानी केली. १९७१ साली वेस्ट इंडिजमध्ये आणि इंग्लंडमध्ये आपण पहिल्यांदाच मालिका जिंकलो त्या त्यांच्या हाताखाली. ओव्हलवर विजयी फटका बसला तेव्हा वाडेकर ड्रेसिंगरूममध्ये झोपले होते, असं सांगतात. म्हणजे नोंद झोपेतसुद्धा होते! चंद्रशेखरनी ३८ धावांत सहा बळी घेतले होते, पण जयजयकार कप्तानाचा. इंदूरला विजयाची भलीमोठी बॅट उभी राहिली. तीन वर्षांनी, १९७४ साली, लॉर्ड्सवर आपण ४२ त आटोपलो, मालिका तीन-शून्य हरलो आणि लोकांनी त्याच बॅटीची नासधूस केली. वाडेकर पुन्हा कसोटी खेळले नाहीत. चार विजय, चार पराभव, आठ अनिर्णित. ताळेबंद पैन्‌पै जुळला! पण त्या ४२ धावांत एकटे वाडेकर बाद झाले नव्हते हो.

कुणी म्हणेल, खेळच तो, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? लावून घ्यायचं, कारण तो रकाना मैदानातून उठून आपल्या टेबलावर येऊन बसलाय. मी अंधेरीला येण्याआधी भांडुपच्या बाजूला एका शाखेत होतो. लालबहादूर शास्त्री मार्गावरचे कारखाने एकेक करून बंद पडत गेले. त्यातल्या एकाच्या कामगारांचे पगार आमच्याकडे जमा व्हायचे. गेटला कुलूप लागलं आणि ठेवी आटल्या. आमचे मॅनेजर सकाळी साडेनऊला येत, घरोघर जाऊन थकलेली कर्जं वसूल करत, पेन्शनरांना स्वतः खुर्ची देत. वर्षअखेर वरच्या ऑफिसातून त्यांना पत्र आलं: ठेवी का घटल्या, खुलासा करा. त्यांनी खुलासा केला, मग त्यांची बदली झाली, आणि प्रमोशन हुकलं ते हुकलंच. पुढे कारखान्याच्या जागी टॉवर उभे राहिले, बाल्कनीवाली मंडळी राहायला आली, ठेवी आपल्या पायांनी चालत आल्या. तोपर्यंत दुसरे मॅनेजर आले होते. ढाल त्यांना मिळाली. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. भाषणात त्यांनी आमचे सगळ्यांचे आभारही मानले. पण ढालीवर नाव एकाचंच मावतं.

म्हणून माझी मागणी लहान आहे. कोणाच्या नावापुढे जय किंवा पराजय लिहायच्या आधी दोन प्रश्न विचारा. त्याच्या हातात होतं काय? आणि त्याच संघात, त्याच दिवसांत, बाकीच्यांनी काय केलं? हे शाळेच्या मॅचला विचारा, निवड समितीत विचारा, प्रमोशनच्या इंटरव्ह्यूला विचारा. रविवारी मैदानात एखाद्या पोरानं वीस धावांत पाच बळी घेतले आणि त्याचा संघ एकेचाळीसमध्ये उडाला, तर 'हरलेल्या संघातलं कोण घ्यायचं' म्हणून यादी पुढे सरकवू नका. हरलेल्या संघातल्या त्या पोराला आधी घ्या. एकेचाळीस धावांत दुसरं कोण काय करणार होतं?

चुकीची नोंद दुरुस्त करता येते. बँकेत तर रोज करतात. इकडचं नावे टाकायचं, तिकडे जमा करायचं आणि कारण लिहून सही करायची. फक्त मूळ व्हाउचर शोधून बघावं लागतं. क्रिकेटमध्ये ते स्कोअरबुकात सापडतं, पहिल्या डावाच्या पानावर.