माहेरची वही

बाबांना कितीतरी वर्षांपासून फोंड्याला जायचे होते. "आत्याचं घर एकदा बघायचंय," एवढेच म्हणायचे. बेळगावहून फोंडा काही फार लांब नाही. पण कधी परीक्षा, कधी पावसाळा, कधी लग्नसराई, असे करत राहूनच गेले. अखेर गेल्या डिसेंबरात मनावर घेतले आणि पहाटेच गाडी काढली.

जांबोटी मागे टाकून कणकुंबीला चहासाठी थांबलो. मलप्रभेचा उगम इथलाच. ती पूर्वेकडे कृष्णेला जाऊन मिळते आणि चोर्ला घाट उतरला की पाणी पश्चिमेला, म्हादईकडे धावते. चहा घेता घेता बाबा बोलू लागले.

आजोबांची धाकटी बहीण फोंड्याला दिलेली. दरवर्षी माहेरपणाला यायची. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरलेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. त्यानंतर सरहद्द बंद झाली. बहिणीचे येणे थांबले. १९५९ मध्ये ती वारली, हे आजोबांना कळले तेव्हा दिवसही होऊन गेले होते. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, वाट मोकळी झाली; पण आजोबा गेले नाहीत. "आता कुणाकडे जाऊ?" म्हणाले. पुढे संबंध उरला तो लग्नपत्रिकांपुरता.

साखळीवरून फोंड्याला पोहोचेपर्यंत दहा वाजले. बाबांचे आतेभाऊ ओसरीवर वाटच बघत होते. वय पंच्याऐंशीच्या पुढचे. "इतलीं वर्सां खंय आशिल्लो रे?" म्हणत त्यांनी बाबांचा हात धरला, तो बराच वेळ सोडला नाही.

दुपारी सगळे मिळून कवळ्याला गेलो. शांतादुर्गा मूळची केळोशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळे पाडू लागले तेव्हा भक्तांनी तिला इकडे आणले. आम्ही आपले मूळ गाव शोधायला निघालो होतो आणि इथे कुलदेवीच गाव सोडून आलेली!

संध्याकाळी काकांनी कपाटातून एक जुनी वही काढली. आत्याची. वाणसामानाच्या हिशेबांमागे, शेवटच्या पानांवर बाळबोध अक्षरात मथळा होता : 'माहेरची माणसे'. माहेरी जन्मलेल्या प्रत्येक मुलाचे नाव, तिथी, साल. बाबांचेही होते. शेवटची नोंद १९५४ ची, बाबांच्या धाकट्या बहिणीच्या जन्माची. खाली अर्धे पान कोरे.

बाबांचा सर्वांत धाकटा भाऊ १९५७ चा. असा एक भाचा आपल्याला आहे, हे आत्याला कधी कळले की नाही, कोण जाणे. तो काकाही आता हयात नाही. बाबांनी पेन मागितले आणि पहिले नाव त्याचे लिहिले. मग आमची, नातवंडांची. पान पुरेना, तेव्हा काकांनी नवी वही मागवली. त्यांच्या घरातल्या मुली-सुनांची नावे आम्ही उतरवून घेतली.

आपल्या सीमाभागात असे घर विरळाच, ज्याची माणसे कुठल्या ना कुठल्या हद्दीपलीकडे राहिलेली नाहीत. वंशावळीत बहुधा मुलग्यांचीच नावे असतात. परघरी गेलेली आत्या, मावशी त्यात सापडत नाही. घरात कुणी ऐंशीच्या पुढचे असेल, तर या रविवारी वही घेऊन त्यांच्यापाशी बसा. आमची पुढची फेरी चैत्रात ठरली आहे. या खेपेला ते बेळगावला येणार आहेत.