होमाई व्यारावाला आणि कमरेपाशी धरलेला कॅमेरा

होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) म्हणताच दिल्ली आणि नेहरू आठवतात. त्याआधी, १९३० च्या दशकाअखेरीस, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जे. जे. स्कूलमधील मैत्रिणींची त्यांनी टिपलेली छायाचित्रे मात्र उपेक्षितच राहिली.

हाती रोलायफ्लेक्स. रिळावर अवघ्या १२ चौरस फ्रेम, फोकस हाताने. कॅमेरा कमरेपाशी धरून वरून काचेत पाहायचे. तिथे प्रतिमाही डावी-उजवी उलटी! साहजिकच दृष्टिकोन खालचा आणि समोरची तरुणी उंच, करारी भासणारी. याला निव्वळ शैली म्हणणे उथळपणाचे आहे. छायाचित्राला पुरावा मानणाऱ्याने आधी कॅमेरा वाचावा, मग छायाचित्रकाराचे नाव. होमाईंची सुरुवातीची काही छायाचित्रे माणेकशा व्यारावाला यांच्या नावाने छापली गेली होती.